पीळ, जाळी आणि जोडी

तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, प्रेक्षक यायला अजून तासभर अवकाश. रंगमंचावर गायिका दोन तंबोरे लावून बसल्या होत्या. स्वर पांढरी पाच. जवारी नीट साधली होती आणि चारही तारा एकमेकींत विरघळल्या होत्या. मी मागच्या टेबलावरून मिक्सरचा मुख्य आवाज उघडला आणि बाईंचा तंबोऱ्यावरचा हात थांबला. म्हणाल्या, "अजून एक तंबोरा वाजतोय कुठंतरी. आणि तो चढा आहे."

त्यांचा कान अचूक होता. आपल्याकडे घरोघरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. ती आवाजाच्या यंत्रणेत शिरली की तिच्यासोबत तिचे पटीतले स्वरही येतात : १००, १५०, २०० हर्ट्झ आणि पुढे. पांढरी पाचच्या तंबोऱ्याची जोड १९६ हर्ट्झवर असते आणि खर्ज ९८ वर. विजेचा १०० आणि २०० हर्ट्झचा घुमारा या दोन्हींपेक्षा किंचित चढा. २०० आणि १९६ एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. ज्या गायिकेनं आयुष्यभर तंबोऱ्यातले हेलकावे काढून टाकण्यात तास घालवले, तिला ते चार हेलकावे किती टोचत असतील याची कल्पना करा.

हा तिसरा तंबोरा कुठून आला आणि तो कसा गेला, ते पुढे सांगतो. पण गेली अनेक वर्षं नाटकांचा आणि मैफलींचा आवाज सांभाळताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. आपण माइकवर बोलतो, स्पीकरवर भांडतो, मिक्सरच्या बटणांचं कौतुक करतो. आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या केबलकडे मात्र काळी दोरी म्हणून पाहतो. त्या काळ्या दोरीच्या आत दीडशे वर्षांचं शहाणपण गुंडाळलेलं आहे. ते समजून घेतलं तर थोड्या पैशांत आवाज स्वच्छ होतो. न घेतलं तर लाखाची यंत्रणाही गुणगुणत राहते.

सव्वा लाख पट मोठा शेजारी

आधी आकडे पाहू. गायकांच्या हातात सर्रास दिसणारा श्यूअर एसएम ५८ हा माइक घ्या. त्याच्यावर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज पडला, की त्यातून सुमारे १.८५ मिलिव्होल्ट विद्युतदाब बाहेर येतो. एका व्होल्टचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिव्होल्ट. आणि त्याच रंगमंचावरून, बहुधा त्याच केबलला खेटून, दिव्यांची २३० व्होल्टची वायर गेलेली असते. दोन्हींचा भागाकार केला तर विजेचा दाब माइकच्या दाबापेक्षा सव्वा लाख पटींनी मोठा निघतो.

हे झालं खड्या आवाजाचं. आलापीला सुरुवात करताना गायक माइकपासून जरा दूर, हळुवार लावतो, तेव्हा माइकवर ७४ डेसिबल पडत असतील तर मिळणारा दाब याच्याही दहावा हिस्सा. मिक्सर हा इवलासा संदेश शेकडो, कधी हजारो पटींनी वाढवतो. आपलं काय आणि परकं काय, हे त्याला कळत नाही. केबलमध्ये जे शिरलं ते सगळं तो सारख्याच इमानानं मोठं करतो. म्हणून परक्याला अडवायचं ते मिक्सरच्या आधी, केबलमध्येच.

हा परका तीन वाटांनी येतो. पहिली वाट विद्युतक्षेत्राची : शेजारच्या वायरमधला दाब मधली हवा ओलांडून आपल्या तारेवर सूक्ष्म भार हलवत राहतो. दुसरी चुंबकीय क्षेत्राची : शेजारच्या वायरमधून प्रवाह वाहतो, त्याच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे ते आपल्या तारांच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करतं. तिसरी वाट सरळ तांब्यातून, अर्थिंगमधून येते. प्रत्येक वाटेवरचा पहारेकरी वेगळा आहे. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही, आणि बहुतेक चुका होतात त्या इथेच.

एक केबल उघडून

लिहिताना माझ्यापुढे माइकच्या केबलचा हातभर तुकडा आहे. करंगळीपेक्षा बारीक, सहा मिलिमीटर जाडीचा. ब्लेडनं बाहेरचं काळं आवरण गोल कापून ओढलं की खाली तांब्याच्या केसासारख्या तारांची विणलेली जाळी दिसते. ती बोटांनी मागे सारली, उसवली, की आत सुती दोऱ्यांची भरण आणि त्यात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, एक लाल, एक पांढरी. प्रत्येकीच्या पोटात तांब्याचे वीस-तीस बारीक तंतू. एकच जाड तार घातली असती तर रंगमंचावरच्या रोजच्या गुंडाळण्या-उलगडण्यात ती कधीच तुटली असती. बारीक तंतू वाकतात आणि टिकतात. दोरे भरलेत ते केबल गोल राहावी आणि ओढ तांब्यावर न येता त्यांच्यावर यावी म्हणून.

यात शोभेचं काहीच नाही. प्रत्येक थर कुठल्यातरी जुन्या त्रासाचं उत्तर आहे.

पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. केबलच्या जगात पीळ हा मोठाच गुण आहे.

टेलिफोन आला तेव्हा दोन गावांमध्ये एकच तार टाकत आणि परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरत. तार वाचायची, पण शेजारून जाणाऱ्या तारायंत्राची टकटक टेलिफोनमध्ये ऐकू यायची. पुढे अमेरिकेत विजेच्या ट्राम धावू लागल्यावर तर त्यांचा गोंगाट जमिनीतूनच टेलिफोनमध्ये शिरू लागला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी मात्र ट्राम येण्याआधीच, १८८१ मध्ये, अशा उपद्रवावरच्या उपायाचं पेटंट घेतलं होतं : परतीसाठी जमीन वापरूच नका, दुसरी तार द्या, आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ घाला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. म्हणजे आपल्याकडे टेलिफोनची घंटा वाजण्याआधीच पिळाची कल्पना कागदावर आलेली होती.

पीळ काय करतो? दोन तारा समांतर धावल्या की त्यांच्यामध्ये एक लांबच लांब, चिंचोळी पट्टी तयार होते. बदलतं चुंबकीय क्षेत्र या पट्टीतून गेलं की तिच्यात दाब निर्माण होतो. पीळ घातला की ती पट्टी छोट्या-छोट्या डोळ्यांत विभागली जाते आणि दर अर्ध्या पिळाला लाल-पांढऱ्याच्या बाजू उलटतात. पहिल्या डोळ्यात जो दाब तयार झाला, त्याच्या विरुद्ध दिशेचा दुसऱ्यात होतो. शेवटी बेरीज जवळपास शून्य.

आकड्यांत सांगतो. पाच अँपिअरचा प्रवाह वाहणाऱ्या एकट्या तारेपासून एक मीटरवर एक मायक्रोटेस्ला इतकं क्षेत्र असतं. त्यात वीस मीटर लांबीच्या, तीन मिलिमीटर अंतरावरच्या दोन सरळ तारा ठेवल्या तर सुमारे १९ मायक्रोव्होल्टचा घुमारा तयार होतो. मघाच्या हळुवार आलापीच्या तो थेट दहावा हिस्सा. शांत सभागृहात इतका घुमारा उघड ऐकू येतो. तीच जोडी पिळाची असली तर यातला फार थोडा शिल्लक राहतो.

नाटकवाल्यांना याचा आणखी एक अनुभव असतो. प्रकाशयोजनेचे डिमर थायरिस्टरवर चालतात. ते विजेची लाट दर अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, मध्येच तोडून दिवा मंद करतात. अशा तुटक्या लाटेत नुसता ५० हर्ट्झ नसतो, हजारो हर्ट्झपर्यंतचे पटीतले स्वर असतात. म्हणून साध्या विजेचा आवाज 'घूं' असा येतो, तर डिमरचा 'झर्र' असा. दिवे पूर्ण उजळलेले असताना किंवा पूर्ण विझलेले असताना तो कमी. निम्म्यावर असताना सर्वाधिक. कारण तेव्हा लाट ऐन शिखरावर तोडली जाते. हळव्या प्रसंगात दिवे मंद होतात आणि नेमकी तेव्हाच खरखर वाढते, त्याचं हे कारण.

डिमरच्या केबलशेजारून माइकची केबल न्यावीच लागणार असेल तर 'स्टार क्वाड' नावाची रचना वापरतात. हिच्यात दोनऐवजी चार तारा पिळलेल्या असतात आणि समोरासमोरच्या तारा टोकाला एकत्र जोडतात. त्यामुळे दोन्ही जोड्यांचा मध्य एकाच रेषेवर येतो आणि चुंबकीय उपद्रव साध्या जोडीपेक्षा आणखी दहा-वीस डेसिबलनं उतरतो.

जाळी

जाळीचं मूळही फॅरडेंकडेच. १८३६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धातूनं मढवलेली खोलीएवढी पेटी उभारली, तिला बाहेरून विजेचा जबरदस्त भार दिला आणि स्वतः आत जाऊन पाहिलं. आत काहीच पोहोचत नव्हतं. केबलची जाळी म्हणजे ही पेटी लांब ओढून केलेली नळी. ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेभोवती नळीसारखा दुसरा वाहक असलेल्या केबलचं पेटंट इंग्लंडमध्ये १८८० साली घेतलं. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. तेव्हाच्या गायकनटांना माइक ठाऊक नव्हता. त्यांच्या वारसांना मात्र हेविसाइडची नळी पदोपदी लागते.

जाळी तीन प्रकारची असते. विणलेली जाळी मजबूत आणि वाकवायला सोयीची, पण विणीत बारीक भोकं राहतात. एकाच दिशेनं गुंडाळलेल्या तारांची जाळी अधिक लवचीक. पण केबल पिळवटली की तारा फाकतात. तिसरा प्रकार ॲल्युमिनियमच्या वर्खाचा : तो शंभर टक्के झाकतो आणि स्वस्तही पडतो. मात्र सारखा वाकवला की चिरतो. म्हणून भिंतीत कायम बसवायच्या केबलला वर्ख आणि रंगमंचावरच्या केबलला जाळी, हा साधा नियम आहे.

आता जाळीची मर्यादा. ती विद्युतक्षेत्र अडवते, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तांब्याची पातळ जाळी जवळजवळ दिसतच नाही. ते तिच्यातून आरपार जातं. डिमरची खरखर आली की "दुहेरी जाळीची केबल आणा" असा सल्ला नेहमी मिळतो. ती आणून उपयोग होत नाही, कारण चुंबकीय वाटेवरचा पहारेकरी जाळी नसून पीळ आहे.

गिटार, कीबोर्ड किंवा व्हायोलिनच्या पिकअपच्या केबलमध्ये जाळीखाली कधीकधी एक काळा, मऊ, कार्बनमिश्रित थर असतो. केबल पायाखाली आली किंवा आपटली की आवरण आणि तारा घासून सूक्ष्म भार तयार होतो आणि 'खर्र' असं ऐकू येतं. हा थर तो भार वाटून टाकतो. पण तो स्वतः वीज वाहतो, म्हणून जॅक जोडताना तो मधल्या तारेपासून मागे सोलून काढावा लागतो. प्लास्टिक समजून तसाच ठेवला की संदेश गळत राहतो. आवाज का दबला हे शोधण्यात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

जोडी

पीळ आणि जाळी यांच्यानंतरही थोडा परका उरतोच. त्याला काढून टाकणारी युक्ती मला या सगळ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

माइकमधून दोन मिलिव्होल्टचा संदेश निघाला असं समजा. लाल तारेवर अधिक एक, पांढऱ्या तारेवर उणे एक. वाटेत पाच मिलिव्होल्टचा घुमारा शिरला. दोन्ही तारा एकमेकींना बिलगून असल्यामुळे तो दोघींवर सारखाच पडला. आता लालवर सहा आहेत आणि पांढरीवर चार. मिक्सर या दोन्हींची वजाबाकी करतो. सहातून चार गेले, उरले दोन. संदेश जसाच्या तसा, घुमारा शून्य.

याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. वजाबाकी प्रत्यक्षात पूर्ण शून्य होत नाही. पण ती ६० डेसिबलची असली तरी उपद्रवाचा हजारावा हिस्साच उरतो. अट एकच : दोन्ही तारांची परिस्थिती समान हवी, म्हणजे दोन्ही टोकांना रोध सारखा. एका तारेचा डाख कच्चा असला, एक पिन गंजली असली, तर तोल ढळतो आणि गुणगुण परत येते. म्हणून केबलचं आरोग्य तिच्या टोकांत असतं.

तीन पिनांचा जो एक्सएलआर जोड आपण माइकच्या बुडाशी पाहतो, तो लॉस एंजेलिसच्या जेम्स कॅनन यांच्या कंपनीच्या घराण्यातला. एक नंबरला जाळी, दोन नंबरला लाल, तीन नंबरला पांढरी. जोडताना सर्वांत आधी एक नंबर टेकतो, म्हणजे संदेशाच्या पिना लागण्यापूर्वी अर्थिंग जुळलेलं असतं.

याच जोडीच्या आधारे न्यूमन कंपनीनं १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी फँटम पॉवर साकारली. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट दोन्ही तारांवरून सारखेच पाठवायचे आणि परतीला जाळी वापरायची. दोन्हीकडे ४८, वजाबाकी शून्य. संदेशाला या विजेचा पत्ताही लागत नाही.

वेटोळं

आता त्या संध्याकाळकडे येतो. मी सगळ्या माइकचे फेडर खाली ओढले, घुमारा तसाच. म्हणजे माइक आणि त्यांच्या केबल निर्दोष. मग रंगमंचावरच्या अँप्लिफायरमध्ये शिरणारा जॅक उपसला, क्षणात शांतता. दोष मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्यातल्या तीस मीटरच्या केबलमध्ये होता. ती एकाच मधल्या तारेची, जाळीचीच परती असलेली केबल निघाली. मिक्सरची वीज सभागृहाच्या मागच्या सॉकेटमधून, अँप्लिफायरची रंगमंचामागच्या सॉकेटमधून. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं आणि त्यांच्यात थोडा दाबफरक. जाळीनं ती दोन अर्थिंग जोडली आणि एक मोठं वेटोळं पूर्ण झालं. घुमाऱ्याचा प्रवाह थेट जाळीतून वाहत होता. आणि या केबलमध्ये जाळी हीच संदेशाचीही परतीची वाट होती.

असं वेटोळं किती ओढतं पाहा. वीस मीटर लांब आणि एक मीटर रुंद वेटोळ्यात मघाचंच एक मायक्रोटेस्लाचं क्षेत्र सहा मिलिव्होल्टपेक्षा जास्त दाब तयार करतं. खड्या आवाजात गाणाऱ्याच्या माइकपेक्षा तिप्पट. इथे केबल कितीही महाग आणा, फरक पडणार नाही. दोष रचनेचा आहे.

मदतीला आलेल्या एकानं नेहमीचा उपाय सुचवला : अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. घुमारा जातो हे खरं. पण त्याबरोबर माणसाचं संरक्षणही जातं. यंत्रात वीज उतरली तर ती जमिनीत जायची वाट बंद होते आणि पुढची वाट माइक हातात धरणाऱ्याच्या शरीरातून असते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. वाचकहो, तुमच्या मंडळात, शाळेत, देवळात कुणी अर्थिंगची पिन तोडताना दिसला तर त्याचा हात धरा. घुमाऱ्यानं कुणी मरत नाही.

आम्ही काय केलं? मिक्सरपासून बॅलन्स्ड केबल टाकली आणि अँप्लिफायरच्या तोंडाशी मुठीएवढा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यात संदेश चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याचा दुवा राहत नाही. वेटोळं तुटतं आणि विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. मुख्य आवाज पुन्हा उघडला. बाईंनी तारा छेडल्या, डोळे मिटले आणि मान हलवली. आता दोनच तंबोरे होते.

मोबाइलची टकटक

फोन वाजण्याआधी स्पीकरमधून येणारी 'टिक-टिक-टर्र' सगळ्यांच्या ओळखीची आहे. जुन्या टूजी पद्धतीत फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी रेडिओलहरी सोडतो. केबलनं त्या पकडल्या आणि यंत्राच्या आत त्यांचं रूपांतर झालं की तो २१७चा ठेका कानावर येतो.

इथे दोष बहुधा केबलचा नसतो, यंत्राच्या दाराचा असतो. जाळीवर जमलेला उपद्रव यंत्राच्या धातूच्या पेटीवर, दारातच उतरवायला हवा. काही यंत्रांत एक नंबरची पिन पेटीला न जोडता आतल्या सर्किटच्या पाटीला जोडतात. कोकणातल्या घराची पन्हळ अंगणात न सोडता माजघरात आणून सोडावी, तसं हे आहे. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या 'एक नंबरच्या पिने'च्या दोषावर बोट ठेवलं आणि २००५ मध्ये संस्थेनं त्यावर मानकही काढलं. नवं यंत्र घेताना उत्तम केबल लावूनही ते फोनजवळ टकटकत असेल तर समजा, पन्हळ माजघरात आहे.

लांबी आणि जाडी

परक्याला अडवलं, आता आपला संदेश धड पोहोचतो का? केबलमधल्या दोन वाहकांत थोडी विद्युतधारिता असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. ती तार स्वरांना, म्हणजे झांजेच्या चमकेला, गिळते. पण किती, ते उगमावर अवलंबून असतं. २०० ओहमच्या माइकला शंभर मीटर केबल लावली तरी घट सुरू होते सुमारे ८० हजार हर्ट्झच्या आसपास. माणसाला २० हजारांपुढचं ऐकू येत नाही. तेच एखाद्या उपकरणातून १० हजार ओहमच्या रोधातून संदेश निघत असेल, तर त्याच शंभर मीटरमध्ये १६०० हर्ट्झपासूनच आवाज मंदावू लागतो. म्हणून वाद्याच्या पिकअपची केबल आखूड ठेवावी आणि रंगमंचावरच डीआय बॉक्स, म्हणजे संदेश बॅलन्स्ड करून देणारी छोटी पेटी, लावून तिथून पुढे बॅलन्स्ड जावं.

स्पीकरच्या केबलचं गणित याच्या उलट. तिथे संदेश इतका बलवान असतो की जाळीची गरज नाही. गरज असते जाड तांब्याची. यात्रेत शंभर मीटरवर कर्णा लावायचा आहे आणि एक चौरस मिलिमीटरची वायर आहे. जाण्या-येण्याच्या दोनशे मीटर तांब्याचा रोध होतो सुमारे ३.४ ओहम. ८ ओहमचा कर्णा सरळ जोडला तर जवळपास तीस टक्के शक्ती वायर तापवण्यात जाते. म्हणून कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाइन वापरतात : अँप्लिफायरपाशी दाब वाढवायचा, कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरनं उतरवायचा. शंभर वॉटसाठी मग एकच अँपिअर पुरतो आणि वायरमधली घट तीन टक्क्यांवर येते. कोयनेची वीज उच्च दाबानं मुंबईकडे जाते, त्यामागचं तत्त्वही हेच.

सोनं, चांदी आणि बाण

महागड्या केबलबद्दल मला नेहमी विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण फक्त सहा टक्क्यांनी. तार किंचित जाड घेतली की भरपाई झाली. सोनं तर तांब्याहून कमी वाहक. मात्र ते गंजत नाही, म्हणून रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना खरंच उपयोगी पडतात. उच्च स्वर तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतात, असंही सांगतात. २० हजार हर्ट्झला तांब्यात ही खोली सुमारे अर्धा मिलिमीटर असते; माइकच्या केबलमधले तंतू त्याहून कितीतरी बारीक आहेत. काही केबलवर बाण छापलेले असतात. जाळी एकाच टोकाला जोडलेली असेल तर ते टोक ओळखायला बाण हवाच. एरवी आलटून-पालटून वाहणाऱ्या संदेशाला दिशा नसते.

केबल आवाजात गोडवा घालत नाही. घालूच शकत नाही. ती फक्त दोन गोष्टी करू शकते : जे आलं ते कमी न करणं आणि जे आलेलं नाही ते आत न घेणं. चांगल्या तांब्याची, पिळाच्या जोडीची, घट्ट जाळीची आणि नीट डाख दिलेली केबल हे काम पुरेपूर करते, आणि ती सोनाराच्या भावात विकत घ्यावी लागत नाही.

जाता जाता, मंडळांना आणि समित्यांना

गावोगावी जुनी नाट्यगृहं, शाळांची सभागृहं, देवळांचे सभामंडप यांची डागडुजी चालू आहे. भिंत फोडण्याआधीच पुढच्या गोष्टी ठरवा. विजेच्या आणि आवाजाच्या केबलसाठी वेगळ्या नळ्या टाका आणि त्यांच्यात निदान फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडा. मिक्सर आणि अँप्लिफायर यांची वीज एकाच वितरणपेटीतून, एकाच अर्थिंगवर घ्या आणि त्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा. मिक्सरपासून रंगमंचापर्यंत बॅलन्स्ड केबलच टाका. केबल कोपरावर घट्ट गुंडाळू नका. एक वेढा सुलट, एक उलट असा सैल गुंडाळा, म्हणजे आतला पीळ आणि जाळी शाबूत राहतील. आणि गावातल्या एखाद्या पोराला चांगला डाख द्यायला शिकवा. तारेचं टोक आधी कथलात भिजवायचं, पिन तापवायची, कथील चमकत वितळलं की हात स्थिर धरायचा. डाख चमकदार दिसला तर पक्का, मळकट आणि दाणेदार दिसला तर पुन्हा करायचा.

एवढं केलं तर पुढच्या वर्षी तुमच्या गावात कुणी गायिका पांढरी पाचमध्ये तंबोरे लावून बसेल, तेव्हा तिला तिथे दोनच तंबोरे ऐकू येतील.